फील्ड प्रोजेक्ट: मासळी बाजार, बर्फ आणि शंभर गूगल फॉर्म

तळलेले पेडवे

नमस्कार. एसवायबीए, अर्थशास्त्र. कॉलेज सिंधुदुर्गात आहे, नाव नको. या सेमिस्टरला दोन क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी 'ऑनलाइन खरेदीकडे तरुणांचा कल' घेतलाय, कारण तो फॉर्म आदल्या बॅचकडून आयता मिळतो. मला तो नकोय.

आमची आजी मासळी विकायची, आता काकी विकते. काकीचं रोजचं भांडण बर्फाशी. घेतला तर सकाळीच पदरचे पैसे जातात. नाही घेतला तर दुपारनंतर बांगडा मऊ पडतो आणि चार वाजता येईल त्या भावात ढकलावा लागतो. मला एवढंच शोधायचंय: बर्फ परवडतो की नाही?

सरांना विषय आवडला. पण ते म्हणाले, गृहीतक मांड, गूगल फॉर्म कर, किमान शंभर प्रतिसाद आण आणि काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रातली चाचणी लाव. आता आमच्या बाजारात बसणाऱ्या बायकाच चाळीसच्या आसपास. त्यातल्या कितीतरी जणींकडे साधा फोन. शंभर आणू कुठून? शिवाय पुस्तकात मूलभूत, उपयोजित, वर्णनात्मक, समन्वेषी, प्रायोगिक असे सगळे प्रकार दिलेत, पण त्यातला माझा कुठला आणि उद्या सकाळी उठून नेमकं करायचं काय, ते कुठेच नाही. १ जूनला मासेमारी बंदी लागते आणि त्याआधी परीक्षा, म्हणजे जे काय ते मार्चपर्यंत उरकायचंय.

कोणी असं काम प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.

चिरेबंदी

दोन क्रेडिट आहेत गो, पीएचडी नाही. फॉर्म हॉस्टेलच्या ग्रुपवर टाक, 'तुम्ही मच्छी विक्रेते आहात असं समजून भरा' म्हण. रात्री जेवणापर्यंत शंभर होतात. आमच्या बॅचने हेच केलं आणि सगळे पास आहेत.

शेड्यूलवाली मावशी

चिरेबंदी, पास होण्याबद्दल ती विचारत नाहीये.

पेडवे, मी नोकरीत असताना राष्ट्रीय नमुना पाहणीची शेड्यूलं, म्हणजे प्रश्नपत्रकं, भरायचे. लांजा, राजापूर, पुढे देवगडची वरची गावं. लोकांच्या ओटीवर बसून तांदूळ किती, रॉकेल किती, विडीकाडी किती हे विचारण्यात आयुष्य गेलं. तेव्हा पद्धतीबद्दल पुस्तकी बोलणार नाही, फील्डवरचं बोलते.

आधी तुझा प्रश्न. 'बर्फ परवडतो का' हा प्रश्न काकीचा म्हणून ठीक आहे, तुझ्या वहीचा म्हणून अजून कच्चा आहे. कोणाला परवडतो? सुरमई विकणारीला की पेडवे विकणारीला? कुठल्या दिवशी? आणि परवडणं म्हणजे काय, संध्याकाळी हातात उरलेले पैसे, की फेकून न द्यावा लागलेला माल? हे ठरेपर्यंत फॉर्म उघडू नकोस. फॉर्म शेवटी येतो. आधी काय मोजायचं ते, मग कशाने मोजायचं ते, मग कोणाचं मोजायचं ते.

मला विचारशील तर तुझ्या वहीतली एक ओळ म्हणजे 'एक बाई, एक दिवस'. त्या दिवशी तिने कुठला माल कितीला उचलला, बर्फ कितीचा घेतला, सकाळी काय भावाने विकला, दुपारी काय भावाने, चारनंतर काय भावाने, आणि उरलं किती. बस. वय, शिक्षण, कुटुंबातील सदस्यसंख्या, घर पक्कं की कच्चं, हे फॉर्मवर सवयीने येतं. उत्तरासाठी ज्याचा उपयोग नाही ते विचारून त्या बायकांचा वेळ खाऊ नये.

आता भाव. इथे फॉर्मवाले सगळे फसतात. तू काकीला सकाळी आठला विचार, 'बांगडो कसो दिलंस?' ती म्हणेल, 'शंभराक वाटो.' वाटा म्हणजे मोजून लावलेला माशांचा ढीग. दुपारी तीनला विचार. तेव्हाही शंभराक वाटो. फॉर्मवर लागतं: भाव स्थिर. पण पाटीकडे नीट बघ. सकाळच्या वाट्यात पाच बांगडे असतील तर तीनच्या वाट्यात सात असतात, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की काकी न बोलता आठवा वर ठेवते. पाचाचे सात झाले म्हणजे एक बांगडा वीस रुपयांवरून सव्वाचौदावर आला. भाव जवळपास तीस टक्क्यांनी उतरला आणि तोंडाने कोणीच आकडा बदलला नाही. म्हणून वाट्यातले नग मोज, आणि जमेल तेव्हा वाटा काट्यावर घाल. तुझ्या प्रोजेक्टचा जीव त्या वाट्यात आहे, काय-स्क्वेअरमध्ये नाही.

आठवणीवर विसंबू नकोस. 'महिन्याला बर्फावर सरासरी किती खर्च?' असं विचारलंस तर बाई तुझं मन राखायला एक गोल आकडा देईल. आज किती, फार तर काल किती, एवढंच विचार. १९९९-२००० मधल्या पाहणीच्या ५५व्या फेरीत आम्ही खाण्यापिण्याच्या जिनसा एकाच घरात सात दिवसांच्याही विचारायचो आणि तीस दिवसांच्याही. त्या दोन रकान्यांनी आकडे एकमेकांवर कसे ओढले गेले आणि मग देशातली गरिबी खरंच किती घटली, यावर अर्थतज्ज्ञ पुढे वर्षानुवर्षं भांडत होते. तू अर्थशास्त्राची आहेस, ग्रंथालयात त्या वादावर भरपूर सापडेल. आम्हाला ओटीवर तेव्हाच दिसत होतं की तिसऱ्यांदा 'महिन्याचं?' विचारलं की माणूस सातच्या आकड्याला मनात चाराने गुणतो.

दिवस निवडताना डोकं वापर. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशीला बाजार पडलेला असतो; बुधवार, शुक्रवार, रविवारी पाय ठेवायला जागा नसते. तू तुझ्या सोयीने दर सातव्या दिवशी गेलीस तर एकच वार पुन्हा पुन्हा मोजशील. खाणाराचे दिवस आणि वाराचे दिवस असे दोन ढीग कर आणि दोन्हींतून चिठ्ठ्या टाकून दिवस काढ. कोचीची सीएमएफआरआय, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था, देशाच्या किनाऱ्यावर दर वर्षी किती मासळी उतरली त्याचा अंदाज काढते. ते काही प्रत्येक होडीच्या दारात उभे राहत नाहीत. किनाऱ्याचे भाग पाडायचे, बंदरं आणि दिवस निवडायचे, त्या दिवशी लागलेल्या होड्यांतल्या काही मोजायच्या आणि त्यावरून हिशेब बांधायचा. पुस्तकात स्तरित बहुपायरी यादृच्छिक नमुना निवड असं जे लांबलचक नाव आहे ते हेच. तू एका बाजारापुरतं करणार आहेस, एवढाच फरक.

आणि बसायचं कसं ते. लिलाव चालू असताना कोणाला काही विचारू नये, तेव्हा त्यांचा जीव बोलीत असतो. पाटीच्या समोर उभं राहू नये, गिऱ्हाईक अडतं. बाजूला बूड टेकून बसावं. गिऱ्हाईक आलं की आपण गप्प. 'बर्फाने फायदा होतो ना?' असं विचारायचं नाही, त्यात उत्तर आपणच दिलेलं असतं. कर्ज किती, सावकार कोण, हे तुझ्या प्रश्नाला लागत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नको. नाव वहीत लिहू नकोस, नंबर दे. ती 'नको' म्हणाली तर नको.

एक शेवटचं. काकीला सोबत घेऊन फिरू नकोस. ओळख करून देईल हे खरं, पण बाजूची बाई काकीच्या तोंडावर आपला खरा भाव सांगणार नाही. काकीवर तुझा तक्ता तपासून बघ, कुठे अडतं ते कळेल. पण तिची ओळ आकडेवारीत धरू नकोस.

सरासरीपासून सावध

मावशींच्या वाट्याला माझे पूर्ण मार्क. मी संख्याशास्त्र शिकवतो, रत्नागिरी जिल्ह्यात. दोन-तीन गोष्टी जोडतो, त्यातली एक मावशींच्या विरोधात जाऊ शकते.

हा 'शंभर' आला कुठून? मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक पद्धतीने शंभर माणसं निवडली आणि हो-नाही प्रश्न विचारला, तर उत्तर साधारण १० टक्के गुण इकडे-तिकडे होऊ शकतं, ९५ टक्के खात्रीने. चारशे घेतली तर ५. एवढाच त्याचा अर्थ. हॉस्टेलच्या ग्रुपवरच्या शंभराला हे लागूच होत नाही, तिथे कोणी कोणाची निवड केलेली नसते. आणि तुझ्याकडे बायकाच चाळीस आहेत, तर नमुना कशाला? सगळ्याच घे. ती गणना झाली. सरांना 'समग्रातील सर्व घटक घेतले' असं लिहून दाखव, शंभराचा विषय संपेल.

आता मावशींची 'एक बाई, एक दिवस' ही ओळ. चांगली आहे, पण वीस बायका सहा दिवस केल्या तर १२० ओळी होतील आणि तुला वाटेल की शंभराच्या वर गेले. तसं नाही. त्याच बाईच्या सहा ओळी एकमेकींच्या बहिणी असतात, तिचा माल, तिची जागा, तिची गिऱ्हाइकं तीच. विश्लेषण करताना १२० स्वतंत्र निरीक्षणं म्हणून धरायची नाहीत.

यापेक्षा मोठी अडचण तुलनेत आहे. तू बर्फ घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायका समोरासमोर ठेवशील, आणि बर्फ घेणाऱ्या दुप्पट कमावताना दिसतील. पण बर्फ घेतं कोण? जिच्याकडे सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी असते आणि जिच्या हातात सकाळी पैसे खेळते असतात ती. मग कमाई बर्फाची की सुरमईची? नव्वद टक्के फील्ड प्रोजेक्ट इथे आपटतात आणि व्हायव्हाला कोणी विचारतही नाही. यावर तुझ्या हातातला उपाय असा: एकाच बाईचे बर्फाचे दिवस आणि बिनबर्फाचे दिवस यांची तुलना कर, तेही एकाच मासळीपुरती. फक्त बांगडा धर. सिंधुदुर्गात तो सगळ्यांकडे असतो.

हिंमत असेल तर एक पायरी पुढे जा. पाच-सहा जणींना विचार की काही दिवस बर्फ घ्यायचा की नाही ते चिठ्ठी टाकून ठरवलं तर चालेल का. बर्फाचे पैसे तू द्यायचे. मग तो खराखुरा प्रयोग होतो, कारण बर्फ कोणत्या दिवशी हे बाईनेही ठरवलं नाही आणि मालानेही नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या शेतांवर खताचे वाफे असेच चिठ्ठीवर सोडले होते. मात्र बिनबर्फाच्या दिवशी बाईचं नुकसान झालं तर ते कोण भरणार, हे आधी सरांशी बोलून ठरव. ते ठरत नसेल तर प्रयोग करू नकोस, नुसती निरीक्षणं पुरेत.

काय-स्क्वेअर वर्गवारीच्या मोजणीला लागतो, म्हणजे किती जणी हो म्हणाल्या आणि किती नाही. तुझं उत्तर रुपयांत आहे. प्रत्येक बाईचा 'बर्फाच्या दिवशीचा सरासरी नफा वजा बिनबर्फाच्या दिवशीचा' असा एक आकडा काढ, चाळीस ठिपके आलेख कागदावर मांड. अर्धी गोष्ट तिथेच दिसेल. मग हवी तर जोडीची टी-चाचणी, हा फरक नुसता योगायोग नाही ना ते बघायला.

जाता जाता, आपल्याच माणसाची गोष्ट. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. भाताचं, गव्हाचं उत्पन्न मोजायला शेताचा छोटासा तुकडा कापून तोलतात. १९४०च्या दशकात सुखात्मे यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न वाढीव येतं. कारण काय, तर कडेवरचं रोप आत की बाहेर असा प्रश्न पडला की कापणारा ते आत घेतो. तुकडा लहान तेवढी त्याच्या मानाने कड जास्त. दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे, सुखात्मे मोठ्या. दोघांचा वाद चांगलाच गाजला. हेच सुखात्मे पुढे १९५१पासून रोममध्ये एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. तुला हे अशासाठी सांगतोय की तुझ्या वहीतही कडेवरचे बांगडे येणार. काकीने वर ठेवलेला तो आठवा बांगडा वाट्यात धरायचा की नाही? काहीही ठरव, पण पहिल्या दिवशी ठरव आणि शेवटपर्यंत तेच पाळ.

कालवं आणि खुबे

मी मत्स्यविज्ञानवाला, रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो. 'बांगडा मऊ पडतो' हे तू मोजू शकतेस. डोळा फुगीर की आत गेलेला, कल्ला लालभडक की तपकिरी, पोटावर बोट दाबलं तर खड्डा भरतो की राहतो. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण दे. फक्त तू एकटी गुण देऊ नकोस; मैत्रिणीला त्याच माशाला वेगळ्या कागदावर द्यायला सांग, न बघता. दोघींचे गुण जुळले नाहीत तर मोजपट्टी ढिली आहे असं समज.

बर्फ 'घेतला' एवढं लिहूनही भागत नाही. आपल्या उकाड्यात मासळीच्या वजनाइतका बर्फ घाला असं आम्हाला शिकवलं जातं. बाजारात पाटीवर चार खडे टाकून वर गोणपाट घालतात आणि तोही बर्फच म्हणवतो. किती रुपयांचा आणि किती मालाला, दोन्ही लिही. आणि बांगडा निवडलास ते बरं केलंस: उबेत राहिला तर त्यात हिस्टामिन नावाचं, खाणाऱ्याला ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. म्हणजे बर्फाचा हिशेब खाणाऱ्याच्या बाजूनेही आहे. तो तुझ्या प्रोजेक्टात आणू नकोस, पसरेल. पण प्रस्तावनेत एक वाक्य टाक.

चिरेबंदी

बरं, माघार. पण एवढं करून दोनच क्रेडिट, हे काय बरोबर नाही.

सरासरीपासून सावध

ते मात्र खरं. पेडवे, काम नीट झालं तर 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला टाक, पदवीच्या मुलांचा वेगळा गट असतो. आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मत्स्यव्यवसायावरचे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांतले प्रबंध मोफत वाचता येतात. दोन-चारांची नुसती प्रश्नावली बघ. काय विचारू नये तेही त्यातून कळतं.

तळलेले पेडवे

सगळ्यांचे आभार. कालपर्यंतचं सांगते.

सरांना चाळीस जणींची यादी दाखवली, ते म्हणाले गणना आहे तर चालेल, पण गृहीतक लिहायलाच हवं. लिहिलं: 'एकाच विक्रेतीच्या बाबतीत, बर्फ वापरलेल्या दिवशी बांगड्याचा दुपारनंतरचा प्रतिनग भाव जास्त राहतो.' प्रयोगाचं विचारलं तर सर नको म्हणाले, नुकसानभरपाईच्याच मुद्द्यावर. मलाही पटलं.

काकीवर तक्ता चालवून बघितला. 'सकाळ' आणि 'दुपार' असे रकाने केले होते, ते मोडले. काकीची सकाळ होड्या लागल्यावर सुरू होते, कधी सहाला, कधी साडेनऊला. आता घड्याळाची वेळ टाकते आणि माल उचलल्यापासून किती तास झाले ते धरते.

अडलंय ते काट्यापाशी. घरचा लटकता काटा घेऊन गेले तर एक आजी म्हणाली, 'तुका सरकारान धाडल्यान काय गो? वजन करूक लागलं तर गिऱ्हायकां पण वजनावरच मागतली.' शेजारच्या दोघींनी लगेच पाटीवर फडका ओढला. नग मोजलेले चालतात, वजन नको. पण बांगडे सगळे सारखे नसतात. मग करू काय?

शेड्यूलवाली मावशी

आजीचं बरोबर आहे. काटा बाजारात आला की वाट्याचं गणित उघडं पडतं, आणि त्यावरच तर तिचं पोट आहे. काटा घरी ठेव.

रोज एका बाईकडून एक वाटा विकत घे. कोणाकडून ते चिठ्ठी टाकून ठरव, आणि घासाघीस न करता घे, नाहीतर तो वाटा तुझ्या तोंडाने वाढलेला असेल. घरी नेऊन नग मोज, वजन कर. त्यावरून त्या दिवशीच्या एका बांगड्याचं सरासरी वजन मिळेल, बाकीच्यांचे मोजलेले नग त्याने गुण. अंदाजच आहे, पण कसा काढला ते सांगता येण्यासारखा. बांगडे लहान-मोठे असतील तर वहीत लहान, मध्यम, मोठा अशी खूण कर. तुझी वीत कुठे लागते ते घरी आधी ठरवून ठेव. वजन का केलं नाही हे मर्यादांच्या पानावर आजीच्या कारणासकट लिही. ते कारण हाही तुझा निष्कर्षच आहे, परीक्षकाला आवडो न आवडो.

वाट्याच्या खर्चाला घरातून पैसे माग, जेवणात बांगडाच आहे म्हणावं. आणि फडका ओढणाऱ्या त्या दोघींकडे आठवडाभर वही न उघडता नुसती जाऊन बस. पहिल्या दिवसाचा तक्ता भरलास की नंबर ठेवून, नावं काढून इथे टाक, रकाने बघून सांगते.